सव्वीसचे सात

शकू गेली त्याला आता दीड महिना झाला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तिच्या लॅबमधले लोक बोलले, कॉलनीतल्या बायका बोलल्या, नामपूरहून आलेले तिचे चुलते बोलले. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी मान हलवून नको म्हटलं. सगळ्यांना वाटलं, इतक्या वर्षांची मैत्री, हिला शब्द फुटत नसतील. शब्द होते. पण जे सांगायचं होतं ते तिच्या फोटोसमोर, तिची मुलगी पहिल्या रांगेत बसलेली असताना सांगायची माझी हिंमत झाली नाही. आयसीयूमध्ये शकूने मला शेवटचा जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर मी खोटं दिलं होतं. तिने एक आकडा विचारला होता. तो सव्वीस होता. मी सात सांगितला.

शकुंतला नाशिकला द्वारका चौकाजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. मी शाळेत मराठी शिकवायचे, रक्त-लघवीच्या जगाशी माझा काही संबंध नव्हता. माझा अमेय चार वर्षांचा असताना तीन दिवस ताप उतरेना, म्हणून त्याला घेऊन मी त्या लॅबमध्ये गेले होते. तेव्हा ती एका खोलीची लॅब होती. एक मायक्रोस्कोप, एक घरघर करणारं यंत्र आणि टेबलाशी बसलेली, वेणी घट्ट घातलेली ही बाई. अमेयला काही कळायच्या आत तिने रक्त काढलं होतं. मी बाहेर बाकावर बसून दर पाच मिनिटांनी आत डोकावत होते. शेवटी तिनेच हाक मारली, "या, तुम्ही स्वतःच बघा." काळ्या काचेवर अमेयच्या रक्तातल्या पाण्याचा एक थेंब होता, त्यात तिने दुसऱ्या बाटलीतला दुधासारखा थेंब मिसळला आणि काच हळूहळू डावी-उजवीकडे कलती करत राहिली. दोनेक मिनिटांत त्या पांढऱ्या थेंबात बारीक कण दिसायला लागले.

"दिसलं? रवा पडल्यासारखं?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे अंगात कुठेतरी सूज आहे, बहुतेक जंतूंची. कुठे, ते हे सांगत नाही. ते डॉक्टर शोधतील. पण काहीतरी आहे, नुसता थकवा नाही, एवढं नक्की."

त्या तपासणीला सीआरपी म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. अमेयच्या कानात पू झाला होता, तो औषधाने बरा झाला, आणि मला मैत्रीण मिळाली. ती आमच्या मागच्याच इमारतीत राहते हेही तेव्हाच कळलं. 'तुम्ही'चं 'तू' व्हायला महिनाही लागला नाही. तिची मुलगी संघमित्रा दुसरीत असताना तिचे मिस्टर अपघातात गेले. त्यानंतर मित्रा शाळेतून थेट माझ्या घरी यायची, गृहपाठ करायची, अमेयशी भांडायची, आणि शकू लॅबमधून सुटली की दोघी घरी जायच्या. मित्रा मला नीलूमावशी म्हणायची आणि सख्ख्या मावशीला म्हणावं तसं 'तू' म्हणायची.

लॅब वाढत गेली. काळ्या काचा गेल्या, मशीनं आली. रवा मोजणारा आकडा आला. शकू संध्याकाळी फिरायला आली की मला त्यातलं काही ना काही सांगायची. शाळेतल्या कटकटी मी सांगायच्या आणि रक्तातल्या बातम्या तिने, असं आमचं चालायचं. काही वर्षांपूर्वी त्यांच्याकडे प्रोकॅल्सिटोनिनची तपासणी सुरू झाली, तेव्हा तर ती नवीन गाडी घेतल्यासारखी खुशीत होती. मला तो शब्द नीट म्हणताही येत नव्हता. ती म्हणाली, "पीसीटी म्हण. सीआरपी कशानेही चढतो गं, गुडघा सुजला तरी चढतो. हा जरा बोलका आहे. जंतूंनी रक्तात हातपाय पसरले की हा भराभर चढतो. चांगल्या माणसात अर्ध्याच्याही खाली असतो. आणि औषध लागू पडलं की उतरतो. अँटिबायोटिक कधी थांबवायचं याचाही डॉक्टरांना अंदाज येतो."

"म्हणजे हा चुकत नाही?"

"चुकतो ना. मोठं ऑपरेशन झालं, किडनी बिघडली, तरी वाढलेला दिसतो. म्हणून पेशंटकडे बघायचं. आणि एका आकड्यावर काही ठरवायचं नाही नीलू, दुसरा येऊ द्यायचा. काल किती होता, आज किती आहे. चढतोय की उतरतोय. सगळं त्यात आहे."

हे तिने मला एकदा नाही, पन्नास वेळा सांगितलं असेल. म्हणून मला कळत नव्हतं, असं मला आज म्हणता येत नाही.

तिचा स्वभाव सांगायचा तर एक प्रसंग पुरे. सायखेड्याची एक मुलगी, बाळंत होऊन आठ-दहा दिवस झालेले, थंडी वाजून ताप येतोय म्हणून सासूबरोबर आली होती. मी त्या दिवशी शकूला डबा द्यायला गेले होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. रक्त देऊन दोघी बाकावर बसल्या. सासूची निघायची घाई चालली होती. "जातो बाई आम्ही, लय उशीर झाला. अंग गरम हाय, उतरंल उद्या. रिपोर्ट काय, पोरगा येऊन घेऊन जाईल." शकू आतून आली ती हातमोजे न काढताच. "घरी नाय जायचं आजी," असं त्यांच्याच बोलीत म्हणाली. मग मुलीच्या कपाळाला हात लावला, तिची नखं बघितली, आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. रिक्षासुद्धा तिनेच बोलावली. ती मुलगी वाचली. दोन महिन्यांनी ती सासू वांग्यांची पिशवी घेऊन लॅबमध्ये आली होती. पण त्या दिवशी मात्र लॅबच्या मालकांनी शकूला सुनावलं होतं की आपलं काम रिपोर्ट देणं आहे, सांगणं डॉक्टरांचं काम आहे. तिने ऐकून घेतलं. संध्याकाळी फिरताना मला म्हणाली, "मशीनने आकडा काढला. मग तो माणसाने माणसाला सांगायला नको का?"

असं म्हणणारी बाई स्वतः आजारी पडली तेव्हा अख्खा दिवस घरात बसून राहिली. रविवारी सकाळी तिला थंडी वाजून ताप आला. मी मऊ भात घेऊन गेले तर दोन पांघरुणं घेऊन पडली होती. लघवीला जळजळ होत होती, कंबर दुखत होती, आणि डायबेटिस तर जुनाच. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ या. ती म्हणाली, "आज रविवार आहे, कुठे शोधतेस. उद्या लॅबला जाईन तेव्हा रक्त देते." मीही म्हटलं, बरं. मी तिथे तास-दीड तास बसले, आम्ही टीव्ही बघितला, आणि मी घरी आले... इतकं साधं होतं ते. सोमवारी ती लॅबला गेली, आणि टेबलाशी उभी असतानाच तिचा तोल गेला. लॅबच्याच मुलांनी तिला हॉस्पिटलमध्ये नेलं. माझा नंबर तिच्या फोनमध्ये सगळ्यात वर होता.

संध्याकाळी रिपोर्ट आले. किडनीत इन्फेक्शन होऊन ते रक्तात उतरलं होतं. पीसीटी अकरा. तो आकडा तिने स्वतः नर्सला विचारून घेतला. मला म्हणाली, "अकरा म्हणजे बरंच आहे गं. पण आता औषध सुरू झालंय. परवा परत करतील, तेव्हा कळेल." घाबरलेली नव्हती. एखाद्या दुसऱ्याच पेशंटबद्दल बोलावं तशी बोलत होती. मित्रा नागपूरला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि तिची शेवटची प्रॅक्टिकल शुक्रवारी होती. शकूने तिला फोनवर सांगितलं की ताप आलाय, सलाईन लावलंय, दोन दिवसांत सोडतील.

मंगळवारी नामपूरहून तिचा भाऊ भास्कर आला. तो तिथल्या कांदा मार्केटात तोलाईचं काम करतो. अबोल, सरळ माणूस. आल्याआल्या मला म्हणाला, "नीलूताई, बरी शे ना ती? माले इंग्रजी येत नही. तुम्ही सांगशात तसं करू." तेव्हापासून फाइल माझ्या हातात होती, डॉक्टरांशी बोलणं माझ्याकडे होतं, मित्राचे फोनही माझ्याकडे यायला लागले. सगळ्यांनी माझ्यावर सोपवलं आणि मीही ते घेतलं. खरं सांगायचं तर मला त्यात बरंही वाटत होतं. शकूसाठी मी काहीतरी करतेय, असं वाटत होतं.

बुधवारी सकाळी आयसीयूच्या डॉक्टरांनी मला आणि भास्करला दाराशी बोलावलं. तरुण होते, सौम्य होते, इंग्रजीतच बोलत होते. म्हणाले, "मॅडम, पीसीटी सव्वीस आलाय. लघवी कमी झालीय, बीपीसाठी औषध वाढवावं लागतंय. अँटिबायोटिक बदलतोय. अजून आशा आहे, पण आजचा आणि उद्याचा दिवस काळजीचा आहे. जवळच्या कुणाला बोलावायचं असेल तर बोलावून घ्या." भास्कर माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला सांगितलं की औषध बदलताहेत, ताईसमोर काही बोलू नका. त्याने मान हलवली. मग पाच मिनिटांसाठी मला आत सोडलं.

शकूच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. केस कुणीतरी विंचरून दिले होते. मला बघून तिने मास्क थोडा बाजूला केला आणि विचारलं, "आला का दुसरा?"

"आला."

"किती?"

माझ्या हातात रिपोर्टचा कागद होता. तिने हात पुढे केला. "चष्मा दे, मीच बघते." तिचा चष्मा माझ्या पर्समध्ये होता. सोमवारी लॅबच्या मुलांनी तो माझ्याकडे दिला होता. मी म्हटलं, "चष्मा घरी राहिला गं." आणि मग, कागदाकडे बघत, वर्गात हजेरी घ्यावी तितक्या सहज मी म्हटलं, "सात."

"अकराचे सात?"

"हो."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा विश्वास बसला की नाही, मला आजही सांगता येत नाही. मग म्हणाली, "मग उतरतोय. मित्राला येऊ नको म्हणावं. पेपर देऊ दे. शनिवारी येईल." मी हो म्हटलं. तिने फोन मागितला, नर्सने दोन मिनिटांची परवानगी दिली, मी नंबर लावून फोन तिच्या कानाशी धरला. ती मित्राला म्हणाली की काऊंट उतरतोय, काळजी करू नको, प्रॅक्टिकलला कोट इस्त्री करून घाल. त्यानंतर अर्ध्या तासाने मित्राचा मला फोन आला. "नीलूमावशी, खरं सांग, मी निघू का?"

त्या क्षणाला सगळं दुरुस्त करता आलं असतं. ती दुपारी निघाली असती तर गुरुवारी सकाळी नाशिकरोडला उतरली असती. शकू गुरुवारी दुपारपर्यंत शुद्धीवर होती, बोलत होती. पण मी आतल्या बाईला सात सांगून आले होते, आणि बाहेरच्या मुलीला सव्वीस सांगायचं म्हणजे आधीचं खोटं कबूल करावं लागलं असतं. मी म्हटलं, "आईने सांगितलंय ना? पेपर दे आणि ये."

लोकांना हे माहीत नाही, ते मला म्हणतात, तू तिला धीर दिलास. मीही काही दिवस स्वतःला तेच सांगून बघितलं. पण ते खरं नाही. मला तो आकडा तिच्यासमोर उच्चारायचा नव्हता, कारण तो ऐकल्यावर ती काय म्हणेल, ते ऐकायची माझी तयारी नव्हती. ती कदाचित रडली असती. कदाचित म्हणाली असती, मित्राला बोलाव, मला तिच्याशी बोलायचंय. शकूला त्या आकड्याचा अर्थ त्या दवाखान्यातल्या पुष्कळ जणांपेक्षा जास्त कळत होता. आयुष्यभर तिने दुसऱ्यांना खरे आकडे दिले. तिचा स्वतःचा आकडा तिला मिळाला नाही, आणि तो तिच्यापासून कुणी परक्याने लपवला नाही.

गुरुवारी चारच्या सुमाराला तिचा श्वास वाढला आणि तिला व्हेंटिलेटरवर घेतलं. मग मी मित्राला फोन केला. ती शुक्रवारी सकाळी पोचली. म्हणजे तिची प्रॅक्टिकलही बुडाली. जिच्यासाठी म्हणून तिला थांबवलं होतं, तीच. शकू झोपेच्या औषधाखाली होती. मित्रा तिचा हात धरून दोन दिवस बोलत राहिली आणि शनिवारी दुपारी सगळं संपलं.

महिनाभर मी काही बोलले नाही. रोज त्यांच्याकडे जात होते, डबा नेत होते, आल्यागेल्याला चहा करत होते. एका संध्याकाळी मित्रा हॉस्पिटलची फाइल घेऊन बसली होती. तिला ते सगळं वाचता येतं, हे माझ्या लक्षात असायला हवं होतं. तिने कागद तारखेप्रमाणे लावले आणि मान वर न करता विचारलं, "मावशी, बुधवारचा रिपोर्ट सकाळी आलाय. सव्वीस. आई मला फोनवर उतरतोय म्हणाली. तिला कुणी सांगितलं?"

मी सांगितलं. सात सांगितलं तेही, आणि चष्म्याचंही. मी ते सांगताना रडले नाही, आणि रडले नाही हेच बरं झालं. नाहीतर तिला मलाच सावरावं लागलं असतं.

तिने बुधवारचा कागद बाकीच्या कागदांत परत ठेवला. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "फोनवर तिचा आवाज खुश होता. ते मी विसरणार नाही. पण मी आले असते, मावशी. मी त्याच दुपारी निघाले असते."

"माहीतय मला."

"मला तुम्हाला माफ नाही करता येणार. आत्ता तरी नाही." तिने फाइल बंद केली. "पण तुम्ही घरी येणं बंद करू नका."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती मला 'तुम्ही' म्हणाली.

बुडालेली परीक्षा परत द्यायला ती नागपूरला गेली. जाताना घराची किल्ली माझ्याकडे दिली. मी दोन दिवसांआड जाते, खिडक्या उघडते, झाडांना पाणी घालते. फोन ती करते, पण कामापुरता. मीटरचं रीडिंग झालं का, पाण्याची टाकी भरली का. ती विचारते तेवढ्याचं मी उत्तर देते, जास्त काही बोलत नाही.

गेल्या आठवड्यात मलाच ताप आला. अंग मोडून आलं, लघवीला जळजळ सुरू झाली. या खेपेस मी दुपारची संध्याकाळ होऊ दिली नाही. रिक्षा केली आणि द्वारकेला त्या लॅबमध्ये गेले. शकू गेल्यापासून तिथे पाऊल टाकलं नव्हतं. तिच्या स्टुलावर एक नवीन मुलगी बसली होती. तिने रक्त घेतलं, तास-दीड तासाने या म्हणाली. मी कुठेच गेले नाही, बाकावर बसून राहिले. तेव्हा समोर काउंटरच्या काचेवर चिकटवलेला एक कागद दिसला. कडा पिवळ्या पडलेल्या, त्यावर चिकटपट्टीचे दोन-तीन थर. इतक्या वेळा मी तिथे डबा घेऊन गेले असेन, पण तो कधी वाचला नव्हता. शकूचं अक्षर होतं, तिच्या त्या गोल गोल वेलांट्या. 'रिपोर्ट मोठ्याने वाचून हवा असेल तर सांगा. आम्ही वाचून दाखवू.'

माझं नाव पुकारलं गेलं. मी काउंटरशी गेले आणि म्हटलं, "वाचून दाखवता का?" त्या मुलीने माझ्या हातातल्या चष्म्याकडे बघितलं, पण काही विचारलं नाही. एकेक ओळ वाचली. सीआरपी अठरा होता, थोडा वाढलेला. लघवीत पू होता. ती म्हणाली, "आजच डॉक्टरांना दाखवा, उद्यावर ठेवू नका."

तेवढ्यात मित्राचा फोन आला. टाकीचंच काहीतरी विचारत होती. माझा आवाज ऐकून थांबली. काय झालं म्हणाली. मी सांगितलं, ताप आहे, लॅबमध्ये आहे, सीआरपी अठरा आलाय.



"फोटो पाठव मावशी," ती म्हणाली.

'पाठव' म्हणाली. मी रिपोर्ट काउंटरवर सरळ केला, आकडा नीट दिसतोय ना ते दोनदा बघितलं, आणि पाठवला.